लोणावळ्याची चिक्की आणि आमची वडी

बालमित्रांनो, पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलमध्ये तुमच्यापैकी किती जण बसले आहेत? शिवाजीनगर, खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड अशी एकेक स्टेशने मागे पडतात. देहूरोड गेले की हवा जरा बदलते. वडगावच्या पुढे खिडकीतून डोंगर डोकावायला लागतात आणि कामशेत सोडले की ते अगदी गाडीच्या अंगावर येतात. मग येते माळवली, आणि त्यानंतरचे शेवटचे स्टेशन लोणावळा. सगळा मिळून साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास.

2025 च्या डिसेंबरात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल याच लोकलने गेली होती. अडतीस मुले, आम्ही तीन शिक्षक आणि शाळेतले मामा. आधी माळवलीला उतरून भाज्याची लेणी पाहायची, दुपारी लोणावळ्याला जाऊन चिक्की कशी करतात ते पाहायचे आणि संध्याकाळच्या लोकलने घरी, असा बेत. लेण्यांपेक्षा चिक्कीची उत्सुकता जास्त होती हे वेगळे सांगायला नकोच. ते तुमचंही तसंच झालं असतं!

आता एका मुलीची ओळख करून देते. तिचे नाव मात्र लिहीत नाही. तिनेच मला बजावले आहे, "बाई, सगळं लिहा, पण नाव नको." म्हणून आपण तिला नुसते 'ती' म्हणू. तिला मधुमेह आहे. तुम्ही म्हणाल, मधुमेह तर आजोबांना असतो. आजोबांना असतो तो बहुतेक वेळा टाइप 2. हिचा टाइप 1. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. ती इन्सुलिन तयार करते, आणि इन्सुलिनमुळे रक्तातली साखर शरीराच्या पेशींमध्ये शिरते. हिच्या शरीरात ते इन्सुलिनच तयार होत नाही. जास्त गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही बरं का, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. पण रोज बोट टोचून साखर मोजावी लागते आणि जेवणाआधी इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. ती हे सगळे आपण दात घासतो तितक्या सहज करते.

सहलीच्या आदल्या दिवशी तिची आई शाळेत येऊन मला भेटून गेली. एक चिठ्ठीही दिली. मी ती वाचली, पर्समध्ये ठेवली, आणि खरे सांगायचे तर त्यातले माझ्या डोक्यात एवढेच राहिले, की हिला गोड चालत नाही. मला वाईट वाटले. सगळी मुले चिक्की खाणार आणि ही बघत बसणार! म्हणून रात्री जागून मी बिनसाखरेच्या वड्या केल्या. खजूर तुपावर परतला, त्यात काजू, बदाम, दाणे घातले, थाळीत थापून वड्या पाडल्या. साखर नाही, गूळसुद्धा नाही. मी आपली खूष!

सकाळी प्लॅटफॉर्मवर मी तिला डबा दाखवला. "हे खास तुझ्यासाठी. शुगर-फ्री आहे."

तिने वास घेतला. "बाई, यात किती खजूर आहे?"

"अगं, खजूरच आहे नुसता. साखर एक चमचा पण नाही."

"पण एका वडीत किती?"

मला काही सांगता येईना. तिने "थँक्यू बाई" म्हणून वडी घेतली आणि न खाता डब्यात ठेवून दिली. मनातून मला जरा रागच आला. एवढी रात्री जागून केली, आणि चव तरी बघावी की नाही?

माळवलीला उतरल्यावर भाजे गावाकडे चालत जायचे. वाटेत पुलावरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ओलांडावा लागतो. मुले कठड्याला नाक लावून गाड्या मोजत उभी राहिली, ती हलायलाच तयार नव्हती. पलीकडे समोर दोन गड दिसतात, विसापूर आणि लोहगड. लोहगड 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मी हे सांगितल्यावर एकाने विचारले, "बाई, मग आता तिकीट वाढणार का?" व्यवहारी मुले आहेत आमची.

गावातून लेण्यांकडे पायऱ्या चढतात. चढ फार अवघड नाही, पण दम लागतो. निम्म्या वाटेवर माझ्या मागून कुणीतरी हाक मारली. वळून पाहते तर ती पायरीवर बसलेली. चेहरा पांढरा पडलेला, कपाळावर घाम. डिसेंबरच्या सकाळी घाम! हात थरथरत होते. तिच्या मैत्रिणीने लगेच स्वतःच्या डब्यातली तिळाची चिक्की काढून तिच्यापुढे धरली.

आणि मी काय केले असेल? मी ओरडले, "अगं, गोड नको देऊस तिला!"

मुलांनो, हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो.

"बाई… साखर…" ती कशीबशी म्हणाली. "पुढच्या कप्प्यात."

आता कुठे मला ती चिठ्ठी आठवली. त्यात स्वच्छ लिहिले होते : 'घाम आला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं तर साखर कमी झाली असं समजा. थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.' सकाळी इन्सुलिन घेतलेले, मग एवढी चाल आणि चढ. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. त्यामुळे तिची साखर एकदम खाली आली होती. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात साखरेची पुडी, मोजण्याचे यंत्र आणि बिस्किटे अशी सगळी तयारी होती. यंत्रावर आकडा आला 56. सत्तरच्या खाली गेला की धोका. मी पाण्याच्या बाटलीच्या झाकणात साखर कालवली, पण माझेच हात इतके थरथरत होते की निम्मे सांडले. पुन्हा कालवली. ती घोट घोट प्यायली. आम्ही तिथेच बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी आकडा 94. मग तिने डब्यातला पोळीचा रोल खाल्ला आणि म्हणाली, "चला बाई, लेणी राहिली की!"

नंतर मी तिच्या आईला विचारले, तेव्हा चिक्की दिली असती तर चालली असती का? त्या म्हणाल्या, काहीच नसेल तर चिक्की चालेल, पण दाण्यात, तिळात तेल असते. त्यामुळे चिक्कीतली साखर रक्तात जायला वेळ लागतो. अशा वेळी नुसती साखर किंवा ग्लुकोज बरे. आणि आणखी एक, माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तुमच्याही वर्गात असा कुणी मित्र असेल तर हे ध्यानात ठेवा.

भाज्याच्या लेण्यांबद्दल मी तुम्हांला खूप सांगणार होते, पण त्या दिवशी माझे अर्धे लक्ष तिच्याकडे होते. बावीस लेणी, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. मोठ्या चैत्यगृहातले खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत जसे खांब कलते ठेवत, तसेच कारागिरांनी दगडात कोरले. दगडाला त्याची गरज नव्हती. सवय होती लाकडाची! थोडे पुढे गेले की लहान-मोठे चौदा स्तूप एका जागी दाटीवाटीने उभे दिसतात. आमच्या मुलांनी त्यांना रांगेत न उभा राहणारा वर्ग म्हटले.

दुपारी आम्ही पुढच्या लोकलने लोणावळ्याला गेलो. हे स्टेशन म्हणजे घाटमाथा. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या कर्जतनंतर बोरघाट चढून इथे येतात. चढ एवढा, की पुढच्या इंजिनाला तो एकट्याने झेपत नाही. म्हणून मागून ढकलायला जादा इंजिने लावतात, ती लोणावळ्याला सुटतात. हा मार्ग 1863 साली खुला झाला. त्याआधी सात वर्षे हजारो मजूर डोंगर फोडत होते. साधारण 25 किलोमीटरच्या वाटेत 25 बोगदे आणि आठ मोठे दरीपूल त्यांनी उभे केले, तेही सुरुंगाची दारू आणि हातातली पहार यांच्या जोरावर. पटकी आणि तापाने कितीतरी माणसे गेली. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार 1859 साली कामावर आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. दोन इंजिनिअर हाताशी धरून तिने काम पूर्ण करून घेतले. या मजुरांना ताकदीसाठी गूळ आणि दाणे मिळत, त्या गूळदाण्याचीच पुढे चिक्की झाली, असे लोणावळ्यात सांगतात. आता हे कुणी लिहून ठेवलेले नाही, पण डोंगर फोडणाऱ्या माणसाला गूळदाण्याइतके सोयीचे खाणे दुसरे कुठले?

बाजारातल्या एका दुकानाच्या मागे चिक्कीचा छोटा कारखाना होता. आत पाऊल टाकले आणि सगळी मुले एकदम गप्प झाली. तो वास! भल्या मोठ्या कढईत गूळ उकळत होता. एक काका लांब उलथन्याने तो हलवत होते. मधूनच ते पाकाचा थेंब पाण्याच्या वाटीत टाकत आणि दोन बोटांनी बाहेर काढत. पहिला थेंब मऊ निघाला. दुसरा गोळी झाला, पण दाबला की चेपत होता. तिसरा थेंब त्यांनी वाटीच्या कडेवर आपटला, तर टण्ण आवाज आला आणि तो काचेसारखा तुटला. "झाला पाक," म्हणत त्यांनी भाजून सोललेले दाणे आत ओतले, दोनदा हलवले आणि सगळा ऐवज तेलाचा हात लावलेल्या टेबलावर पालथा केला. मग दोघांनी मिळून लाटण्याने तो भराभरा लाटला. गरम असतानाच रेघा मारल्या. एका मिनिटाचा जरी उशीर झाला तरी चिक्की वेडीवाकडी तुटते, म्हणाले.

घरी चिक्की करताना आई वाण्याकडून मुद्दाम 'चिक्कीचा गूळ' आणते ना? पाक उकळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. पाणी 100 अंशांना उकळते, पण पाक 150 अंशांच्या आसपास पोचतो तेव्हा त्यात पाणी जवळजवळ राहतच नाही. असा पाक झटकन गार झाला की साखरेच्या कणांना नीट रांगेत बसायला वेळच मिळत नाही, आणि त्याची काच होते. खरोखरच खाण्याची काच! पावसाळ्यात चिक्की उघडी राहिली तर ही काच हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून ती चिकट होते.

सगळी मुले चिक्कीचे तुकडे चघळत होती. ती पुढे होऊन म्हणाली, "काका, गूळ न घालता चिक्की होईल का?"

काका हसले. त्यांनी एक तुकडा मोडून हातावर दाणे वेगळे केले. "गूळ काढला तर हे राहतं, बाळा. नुसते दाणे. गूळ गोडीला नाही, धरून ठेवायला."

हे वाक्य ती परतीच्या गाडीत दोनदा म्हणाली.

दुकानात पुढे एका खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'बिनसाखरेची' असे लिहिले होते. मला वाटले, चला, हिच्यासाठी सापडले काहीतरी. तिने खोके उलटे केले आणि मागची बारीक अक्षरे वाचली : खजूर, अंजीर, मध, काजू. वाचून ते जागेवर ठेवून दिले. मध म्हणजे साखरच की! मी पुढे शोधून वाचले. 2018 साली आपल्या देशात पाकिटांवरच्या दाव्यांचे नियम झाले. 'शुगर-फ्री' लिहायचे तर 100 ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असता कामा नये. ती कुठूनही आलेली असो, पिशवीतून नाही तर फळातून. म्हणजे माझ्या डब्यावर मी जे नाव लावले होते ते नियमानेही खोटेच होते. तुम्हीही खोके उलटे करायची सवय लावून घ्या. पुढची अक्षरे दुकानदारासाठी असतात, मागची आपल्यासाठी.

परतताना गाडीत अंधार झाला. मी मुलांना लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितली. कॅनडातल्या टोरांटो शहरातला हा चौदा वर्षांचा मुलगा. त्याला हाच टाइप 1 मधुमेह होता, आणि त्या काळी त्यावर औषधच नव्हते. अशी मुले फार दिवस जगत नसत. तिथे बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी 1921 साली इन्सुलिन वेगळे काढण्याचा प्रयोग केला होता. 1922 च्या जानेवारीत लिओनार्डला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. पहिल्या वेळी फारसा उपयोग झाला नाही. मग इन्सुलिन आणखी शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले, आणि त्याची साखर उतरली. पुढे तो तेरा वर्षे जगला. गोष्ट संपल्यावर मुले तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. ती मात्र खिडकीला डोके टेकून झोपून गेली होती.

दुसऱ्या रविवारी मी तिला आणि तिच्या आईला घरी बोलावले. म्हटले, माझ्या खजुराच्या वड्यांचा हिशेब एकदा होऊनच जाऊ दे. तिने वही काढली. तुम्हीही करून बघा हे गणित, चौथीचेच आहे. मी 240 ग्रॅम बिनबियांचा खजूर घेतला होता. खजुराच्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश साखरच असते, म्हणजे 160 ग्रॅम. वड्या पडल्या वीस. म्हणजे एका वडीत आठ ग्रॅम साखर. एका सपाट चमच्यात साधारण चार ग्रॅम साखर मावते. म्हणजे 'साखर एक चमचा पण नाही' म्हणणाऱ्या बाईंनी एका वडीत दोन चमचे साखर घातली होती! मग तिने तेवढ्याच गुळाचा हिशेब केला. 240 ग्रॅम गुळात सुमारे 200 ग्रॅम साखर, म्हणजे वडीला दहा ग्रॅम. एवढा खटाटोप करून मी वाचवले ते फक्त दोन ग्रॅम.

"बाई, खजूर वाईट नसतो," ती माझी समजूत काढत म्हणाली. "मी खाते कधीकधी. फक्त मोजून, आणि इन्सुलिन घेऊन. तुम्ही आकडा सांगितला असता तर खाल्ली असती मी."

आता प्रश्न राहिला काकांचा. गूळ काढला तर दाण्यांना धरून कोण ठेवणार? पहिला प्रयत्न नुसत्या दाण्याच्या कुटाचा. ते दाबून थाळीत थापले, कापायला गेले तर पुन्हा कूट. दुसऱ्यांदा मिक्सरमध्ये दाणे खूप वेळ फिरवले. आधी त्याचे कूट होते, मग भांड्याला चिकटते, मग हळूहळू तेल सुटून त्याचे लोण्यासारखे वाटण होते. हे वाटण दाण्यांना धरते खरे, पण वडी लेचीपेची. बोट लावले की खळगा. आम्ही दोघी मोठ्या माणसांनी हात टेकले. माझी सासूबाई म्हणाली, थोडा गूळ घाला गं, त्याने काही होत नाही. गुळाने काही होत नाही, हे मीही आधी किती जणांना सांगितले असेल!

तेवढ्यात ती माझ्या आरशासमोरच्या फळीकडे बघत म्हणाली, "बाई, डोक्याचं तेल थंडीत घट्ट होतं ना?"

आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. खरेच की! थंडीत खोबरेल तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, उन्हात नाहीतर गरम पाण्यात ठेवावी लागते. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते. म्हणजे गुळाची जागा खोबऱ्याने घ्यायची.

मग झाले असे. 200 ग्रॅम दाणे मंद आचेवर खरपूस भाजले, सालं चोळून पाखडून टाकली. त्यातले निम्मे बाजूला ठेवून खलबत्त्यात जाडसर कुटले. 50 ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजले. 25 ग्रॅम सुके खोबरे किसून नुसते गरम केले, लाल होऊ दिले नाही. उरलेले निम्मे दाणे आणि ते खोबरे एकत्र मिक्सरला लावून तेल सुटेपर्यंत वाटले. मधे मधे मिक्सर थांबवायचा, नाहीतर तापतो. त्यात दोन चमचे खाण्याचे खोबरेल (डोक्याचे नव्हे हं!), वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ. शेवटी कुटलेले दाणे आणि तीळ घालून कालवले, तुपाचा हात लावलेल्या थाळीत वाटीच्या बुडाने दाबून थापले आणि फ्रिजमध्ये ठेवले. दोन तासांनी सुरीने वीस वड्या पडल्या. सरळ, काठ धरून. मिठाची चिमूट विसरू नका. ती घातल्यावर दाण्याची स्वतःची गोडी वर येते. हे आम्हांला तिसऱ्या थाळीला कळले.

ही वडी चिक्कीसारखी टण्ण वाजत नाही, ते आधीच सांगते. दाताखाली तीळ आणि दाणे कुरकुरतात, बाकी ती विरघळते. थंडीच्या दिवसांत डब्यात दुपारपर्यंत टिकते. मे महिन्यात बाहेर ठेवलीत तर हाताला तेल आणि थाळीत कूट, मग मला नावे ठेवू नका. भाजणे आणि मिक्सर लावणे मोठ्यांबरोबरच करा. दाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ही अजिबात द्यायची नाही. घरात पाच वर्षांखालचे भावंड असेल तर त्याला अख्खे किंवा जाडसर दाणे देऊ नका, घशात अडकतात.

मी आनंदाने म्हटले, "झाली एकदाची शुगर-फ्री!"

"नाही बाई." वही अजून उघडीच होती. "दाण्यातपण असते थोडी. शंभर ग्रॅममध्ये चार-पाच ग्रॅम. आणि खोबऱ्यातपण." हिशेब करून तिने लिहिले : एका वडीत साधारण अर्धा ग्रॅम. पाकिटावर लिहायला गेलो तर नियमात बसणार नाही. तिला मात्र ते पुरेसे होते. तिने एक वडी उचलून पहिल्यांदाच माझ्यासमोर काही न विचारता खाल्ली. नाव काय ठेवायचे यावर बराच खल झाला. तिने ठेवले 'नाचिक्की', आणि तेच वर्गात रूढ झाले.

संक्रांतीला आमच्या वर्गात दोन डबे होते. एकात तिळगुळाच्या वड्या, दुसऱ्यात नाचिक्की. दुसऱ्या डब्याच्या झाकणावर तिने चिठ्ठी चिकटवली होती : '1 वडी = अर्धा ग्रॅम साखर'. मुले दोन्ही डब्यांवर तुटून पडली. कुणाला नाचिक्की आवडली, कुणी तोंड वाकडे करून पुन्हा तिळगुळाकडे वळले. एकाने पहिल्या डब्यावर चिठ्ठी का नाही म्हणून विचारले. मग सगळ्यांनी मिळून तोही हिशेब फळ्यावर मांडला, तो बराच वेळ चालला.

तिने तिळगूळही घेतला. अर्धी वडी. आधी बोट टोचले, आकडा पाहिला, इन्सुलिन घेतले आणि मग उरलेली अर्धी माझ्या हातावर ठेवली. "बाई, तिळगूळ घ्या. यात पाच ग्रॅम आहे."